धुरातून बाहेर पडताना



मे महिना लागला की आपल्या धर्मग्रामातील काही घरांत बॅगा भरण्याची गडबड सुरू होते. मुलगा किंवा मुलगी कॅनडात, अमेरिकेत स्थायिक झालेली असते. आईवडिलांचा व्हिसा हाती आलेला असतो. तिकडच्या उन्हाळ्यात चार ठिकाणे दाखवावीत म्हणून मुलांनी सहा-सहा महिने आधी हॉटेलांचे बुकिंग करून ठेवलेले असते. पूर्वी निघणारी मंडळी तिकडच्या थंडीची चौकशी करीत. अलीकडे एक वेगळाच प्रश्न कानावर येतो, "फादर, तिकडे या वर्षीही धूर असेल का हो?"

हा धूर जंगलातल्या वणव्यांचा. आपल्याकडे वणवा म्हटले की उन्हाळ्यात डोंगरावर पेटलेले गवत आणि रात्री दूरवर दिसणारी लाल रेघ डोळ्यांसमोर येते. कॅनडातील आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील वणवे त्याहून फार मोठे असतात. ते आठवडेच्या आठवडे जळत राहतात. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. त्याआधीच्या सर्वांत वाईट वर्षाच्या ते जवळजवळ दुप्पट होते. त्या वर्षी क्युबेक प्रांतातील वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर दक्षिणेला जाऊन न्यूयॉर्क शहरावर उतरला आणि ७ जूनला भर दुपारी तिथले आकाश नारिंगी झाले. २०२५ सालीही कॅनडात ८० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. त्यामुळे तिकडे गाडीने फिरायला निघणारी कुटुंबे आता रस्त्यांच्या नकाशाबरोबर धुराचा नकाशाही पाहतात.

आपल्या धर्मग्रामातील एक मावशी २०२३ च्या उन्हाळ्यात मुलाकडे कॅलगरीला गेल्या होत्या. १५ ऑगस्टचा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण तिथल्या चर्चमध्ये साजरा करून दुसऱ्या दिवशी सगळी गाडीने निघाली. सोबत मुलगा, सून आणि दम्याचा त्रास असलेली सात वर्षांची नात. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ओकानागन खोऱ्यात, पेंटिक्टन गावी पाच रात्रींचा मुक्काम ठरला होता. मोठे तळे, काठाने फळबागा, निवांत जागा. १७ ऑगस्टच्या रात्री तिथून साठेक किलोमीटरवर वेस्ट केलोनाजवळचा वणवा भडकला. वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या तळे ओलांडून समोरच्या केलोना शहराच्या हद्दीत पडल्या आणि तिथेही आगी लागल्या. १८ तारखेला नात खोकू लागली. मुलाने तासाभरात निर्णय घेतला. उरलेल्या रात्रींचे पैसे सोडून दिले आणि दक्षिणेकडच्या रस्त्याने गाडी खोऱ्याबाहेर काढली.

वाटेत एका बागेत माणसे पीच तोडत होती. तोंडाला रुमाल बांधलेले, पाठीमागे करडे आकाश. मावशींचा सगळा जन्म वाडीत गेलेला. तोडणीला आलेला माल एक दिवसही थांबत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको. गाडीच्या काचा बंद होत्या, आत एसी सुरू होता. परत आल्यावर त्यांनी मला विचारले, "पोरीसाठी निघालो ते बरोबरच केले, फादर. पण ती माणसे तिथेच राहिली. आम्ही पळालो का हो?"

हा प्रश्न साधा नाही. त्यात दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करून पाहू या.

पहिला प्रश्न असा : ठरलेला बेत मोडून निघणे योग्य होते का? याचे उत्तर होय असे आहे, आणि ते ठामपणे दिले पाहिजे. वणव्याच्या धुरात २.५ मायक्रॉनपेक्षाही लहान कण असतात. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी अशा कणाच्या सुमारे तीसपट भरेल. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुफ्फुसांच्या खोलवर जातात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा कणांसाठी दिवसभराची सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम अशी सांगितली. दाट धुराच्या दिवशी हा आकडा कित्येक पटींनी ओलांडला जातो. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते. दमेकरी, हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांना धोका अधिक. साध्या रुमालाने हे कण थांबत नाहीत. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ सारखा मास्क लागतो, आणि तो लहान मुलांच्या चेहऱ्यावर नीट बसत नाही.

हे सगळे माहीत असूनही माणसे थांबतात. का? पहिले कारण पैशांचे. "एवढे पैसे भरलेत, आता जायचेच." पण भरलेले पैसे धुरात बसल्याने परत मिळत नाहीत. गेलेल्या पैशांपायी लेकराचा श्वास पणाला लावणे हा हिशेबही चुकीचा आणि नीतीही चुकीची. दुसरे कारण हट्टाचे. बेत एकदा ठरला की त्याला जणू वचनाचे मोल येते. पण वचन कोणा माणसाला दिलेले असते, सहलीच्या बेताला नाही. तिसरे कारण श्रद्धेचे रूप घेऊन येते. "देवावर भरवसा ठेवा, काही होत नाही." या वाक्यातला भरवसा मला नेहमीच अर्धा वाटतो. देवाने नातीला जशी फुफ्फुसे दिली, तशी तिच्या बापाला बुद्धीही दिली. त्या बुद्धीचा उपयोग न करता देवावर भार टाकणे ही श्रद्धा नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणे झाले.

आपल्या परंपरेत चार मूलभूत सद्गुण मानले जातात : सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम. त्यांत सुज्ञतेला पहिले स्थान आहे, आणि तिला सद्गुणांचा सारथी म्हटले जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सुज्ञतेचा फार बारकाईने विचार केला. तिची आठ अंगे त्यांनी सांगितली. आधी काय घडले ते आठवणे, दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी, अचानक आलेल्या प्रसंगात चटकन योग्य ते सुचणे, पुढचे पाहणे, भोवतालच्या परिस्थितीचे भान ठेवणे आणि सावध राहणे ही त्यांतली काही. सुज्ञ माणूस म्हणजे एकदा ठरवले की न बदलणारा माणूस, असे त्यांच्या विचारात कुठेच बसत नाही. हेतू पक्का आणि मार्ग लवचीक, अशी ती सुज्ञता. कुटुंबाने चार दिवस एकत्र आनंदात राहावे हा त्या मुलाचा हेतू होता. पेंटिक्टन हा त्या हेतूचा एक मार्ग होता. मार्गावर धूर आला, त्याने मार्ग सोडला. चाकावर बसलेल्या सारथ्याने हेच करायचे असते.

पहिला प्रश्न इथे संपतो. दुसरा मात्र खरा अवघड आहे : जी माणसे निघू शकली नाहीत, त्यांचे काय?

ओकानागनच्या बागांत दर वर्षी मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांवरून हंगामी मजूर येतात. कॅनडा सरकारच्या योजनेखाली त्यांना कामाचा परवाना मिळतो. हा परवाना सहसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. काम सोडले तर दुसऱ्या बागेत सरळ जाऊन उभे राहता येत नाही. पुढच्या हंगामात बोलावणे येईल की नाही हीही धास्ती असते. मावशींच्या मुलाला निघायला एक तास लागला. त्या मजुरांपैकी कोणाला निघायचे असते, तर मजुरी, परवाना आणि घरी पाठवायचे पैसे या सगळ्यांवर पाणी सोडावे लागले असते. धूर दोघांच्याही डोक्यावर सारखाच होता. त्यातून बाहेर पडण्याची किंमत सारखी नव्हती.

आता काहीजण म्हणतील, मग मावशींच्या कुटुंबाने तिथे थांबायला हवे होते का? नाही. नातीने धुरात खोकत बसल्याने बागेतल्या एकाही मजुराला स्वच्छ हवेचा एक श्वास जास्त मिळाला नसता. दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःला तेच दुःख करून घेणे म्हणजे बंधुभाव नव्हे. कोणी थांबावे आणि कोणी निघावे, हे ज्याच्या त्याच्या कर्तव्यावर ठरते. आग विझवणारा जवान, इस्पितळातली परिचारिका, गोठ्यात जनावरे असलेला शेतकरी किंवा तिथला धर्मगुरू निघून गेला, तर त्याला जाब विचारता येईल. त्याच्या भरवशावर कोणीतरी आहे. पाहुणा म्हणून आलेल्या माणसावर तिथे कोणी अवलंबून नाही. उलट संकटात पाहुणा स्वतःच भार होतो.

हे त्याच आठवड्यात अगदी ठळकपणे दिसले. १८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटिश कोलंबियात आणीबाणी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सुमारे ३५ हजार लोकांना घरे सोडण्याचे आदेश लागू होते. त्याच दिवशी सरकारने आणखी एक हुकूम काढला. केलोना, कॅम्लूप्स, व्हर्नन, पेंटिक्टन, ऑलिव्हर आणि ओसोयूस या गावी हॉटेलात राहण्यासाठी अनावश्यक प्रवास करू नये. घरे सोडून आलेल्यांना आणि आग विझवायला आलेल्यांना खोल्या हव्या होत्या. परिस्थिती सुधारली तसा काही दिवसांत बहुतेक गावांपुरता तो हुकूम मागे घेतला गेला. पण त्या हुकुमाचा अर्थ नीट पाहा. सुट्टीसाठी धरलेली खोली सकाळपर्यंत आपली हक्काची असते. संध्याकाळी तीच खोली दुसऱ्या कोणाच्या तरी एकुलत्या एका आसऱ्याची जागा होते. पावती तीच, पैसे तेच, तरी न्याय बदललेला असतो. मावशींच्या मुलाने आदल्या दिवशीच खोली सोडली होती. त्याच्या मनात तेव्हा फक्त आपली मुलगी होती. तरीही त्याच्या निघण्याने कोणासाठी तरी जागा झाली असेल. काही वेळा वेळेवर निघून जाणे हीच पाहुण्याची सेवा असते.

पुढच्याच वर्षी जॅस्परमध्ये याची दुसरी बाजू दिसली. २२ जुलै २०२४ च्या रात्री जॅस्पर राष्ट्रीय उद्यान आणि गाव रिकामे करण्याचा आदेश निघाला. पर्यटक आणि रहिवासी मिळून सुमारे २५ हजार माणसे गाड्यांच्या रांगांतून बाहेर पडली. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि गावातील जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. रांगेत सगळे एकामागे एक होते. पर्यटकाची सहल मोडली, आणि मागच्याच गाडीतल्या माणसाचे घर गेले. घरी पोहोचल्यावर "आमची सुट्टी वाया गेली" असे सांगताना पर्यटकाने त्या मागच्या गाडीची आठवण ठेवली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, फादर, आठवण ठेवून काय होणार? मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो तेव्हा इमान्युएल कांट यांच्या नीतिविचारातले एक सूत्र आम्हाला शिकवले होते : जे करणे माणसाला शक्यच नाही, ते त्याचे कर्तव्य होऊ शकत नाही. ते खरे आहे. पण अनुभव असा की "माझ्या हातात काय आहे?" हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. सगळे हातात नाही म्हणून काहीच हातात नाही, असे होत नाही.

शुभवर्तमानातली एक गोष्ट आपल्याला पाठ आहे. संत योसेफाला स्वप्नात सूचना मिळाली आणि बाळाला व मरियेला घेऊन तो रातोरात इजिप्तला निघाला. त्याने सकाळची वाट पाहिली नाही, सामानाचा विचार केला नाही. वाट बदलणाऱ्या बापांचा तो आदर्श आहे, आणि त्याच्या निघण्याला कोणीही भ्याडपणा म्हटलेले नाही. पण त्याच गोष्टीत बेथलेहेमची इतर बाळे मागे राहिली. त्यांच्या बापांना स्वप्न पडले नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्याला एका बाळाच्या सुटकेवर गोष्ट संपवता आली असती. त्याने मागे राहिलेल्यांचा आकांतही लिहून ठेवला. ख्रिस्तसभा नाताळच्या आनंदात, २८ डिसेंबरला, त्या निष्पाप बालकांचा स्मरणदिन पाळते. योसेफाने निघावे की नाही अशी शंका त्यातून घेतलेली नाही. एक बाळ सुटले म्हणून बाकीची विसरायची नाहीत, एवढेच त्यातून शिकायचे. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. मावशी पळाल्या नाहीत. पळणाऱ्याला मागचे काही आठवत नाही. मावशींना बागेतले रुमाल बांधलेले चेहरे हजारो मैलांवर येऊनही आठवत होते.

आणि आठवणीतून हाताला काम मिळते. धुराच्या प्रदेशात जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी चार साध्या गोष्टी सांगतो. निघायचे तर लवकर निघा, म्हणजे शेवटच्या क्षणी रस्ता आणि पेट्रोल पंप स्थानिक माणसांसाठी मोकळे राहतील. खोली सोडताना ती सोडल्याचे हॉटेलला कळवा, रिकामी कुलूपबंद ठेवू नका. जवळचे जास्तीचे मास्क, पाण्याच्या बाटल्या, खाण्याचे डबे परत घरी आणण्याऐवजी कोणाला उपयोगी पडतील ते पाहून तिथेच द्या. परताव्याचे पैसे मागण्याचा हक्क असेल तर मागा, पण समोर मोठी कंपनी आहे की दोन-चार खोल्या भाड्याने देणारे एखादे कुटुंब आहे, एवढे आधी पाहा. त्या खोऱ्यांतील हजारो माणसांचे पोट उन्हाळ्यातल्या पाहुण्यांवर चालते. म्हणून धूर निवळल्यावर, पुढच्या वर्षी का होईना, तिथे पुन्हा जा. रद्द केलेली सहल कायमची रद्द करू नका.

एक गोष्ट याहून मोठी आहे. वणवे पूर्वीही लागत. बरेचसे विजेने लागतात, आणि जंगलाच्या आयुष्यात आगीलाही एक जागा असते. पण पृथ्वी तापते आहे, जंगले लवकर कोरडी होत आहेत आणि आगीला पोषक दिवस वाढले आहेत, हे शास्त्रज्ञ मोजून सांगत आहेत. २०२३ साली क्युबेकमध्ये आगीला जसे हवामान लाभले, तसे हवामान मानवनिर्मित तापमानवाढीमुळे किमान दुपटीने अधिक संभवनीय झाले, असा एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचा निष्कर्ष होता. आपली विमाने, आपल्या गाड्या, आपला एसी यांचाही त्यात थोडा वाटा आहे. त्या मजुरांचा वाटा आपल्यापेक्षा बहुधा कमीच. ज्याने कमी जाळले त्याने जास्त धूर गिळायचा, ही न्यायाची उलटी रीत आहे. नातेवाइकांना भेटायला जाऊ नका असे मी म्हणणार नाही. आईने लेकराला भेटायलाच हवे. पण वर्षभराच्या आपल्या राहणीत काय कमी करता येईल, हा विचार त्या भेटीच्या तिकिटाबरोबरच घरात आला पाहिजे.

परदेशी न जाणाऱ्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. आपल्याकडे रात्री कुठे कचरा पेटतो तेव्हा आपण काय करतो? खिडक्या लावून घेतो, पंख्याऐवजी एसी लावतो. लेकरांसाठी ते करायलाच हवे. पण इमारतीचा वॉचमन त्या वेळी गेटवर खुर्ची टाकून बसलेला असतो. नाक्यावर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला लावायला खिडकीच नसते. खिडकी लावल्यावर खाली जाऊन वॉचमनला जिन्याच्या आत बसायला सांगणे, त्याला एक चांगला मास्क आणून देणे, कचरा पेटवणाऱ्यांना सोसायटीच्या सभेत अडवणे, यांतले काहीही कठीण नाही. त्यासाठी कॅनडाला जावे लागत नाही.

या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण उन्हाळ्यात प्रवासाला निघणाऱ्या सर्व कुटुंबांसाठी प्रार्थना करणार आहोत. त्याच प्रार्थनेत, वाट बदलणे ज्यांच्या हातात नाही अशा माणसांची आठवणही ठेवू या, आणि घरी परतताना त्यांतल्या एकाचे तरी नाव विचारून घेऊ या.

आपला,
धर्मगुरू